कप कपाटात, सामना मैदानात!



आज एक गंमत करू या. डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या शाळेच्या फुटबॉल संघाने गेल्या वर्षी जिल्ह्याचा कप जिंकला आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात तो झळकतो आहे. प्रार्थनेच्या वेळी टाळ्या झाल्या, पेढे वाटून झाले, फलकावर फोटोही लागला. आता नवं वर्ष, नवी स्पर्धा. उद्या तुमचा पहिला सामना. आणि तुम्ही कोण? गतविजेते!

आता डोळे उघडा आणि खरं खरं सांगा. छाती फुगली, की पोटात गोळा आला?

दोन्ही झालं असेल, तर तुम्हाला फुटबॉल कळतो असं मी म्हणेन. कारण गतविजेत्यांचा पहिला सामना म्हणजे मोठी अवघड गोष्ट असते, बरं का! तुम्ही म्हणाल, "बाई, त्यात काय अवघड? जे गेल्या वर्षी जिंकले, तेच या वर्षीही जिंकणार की!" थांबा. घाई करू नका. आधी तुम्हाला इटलीला घेऊन जाते.

८ जून १९९०. मिलान शहरातलं सान सिरो मैदान. सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षक. विश्वचषक स्पर्धेचा पहिलाच सामना. (मी तेव्हा पाळण्यात होते. ही सगळी हकिकत मी पुढे वाचली आणि सामन्याचं चित्रीकरण पाहिलं.) एका बाजूला अर्जेंटिना. १९८६ मध्ये मेक्सिकोत पश्चिम जर्मनीला ३-२ असं हरवून जगज्जेते झालेले. त्यांचा कप्तान दिएगो मॅराडोना. नाव ऐकलंच असेल! दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतला कॅमेरून हा देश. त्यांच्या जिंकण्यावर कुणी चार आणेसुद्धा लावले नसते.

पण मित्रांनो, कॅमेरूनच्या वहीत एक पान होतं, ते बहुतेक जण विसरले होते. १९८२ च्या विश्वचषकात ते तीन सामने खेळले आणि तिन्ही बरोबरीत सोडवले. पेरूशी ०-०, पोलंडशी ०-० आणि इटलीशी १-१. एकही सामना न हरता ते घरी परतले! इटलीचेही तिन्ही सामने बरोबरीतच सुटले होते, पण इटलीचा एक गोल जास्त होता. म्हणून इटली पुढे गेली, आणि पुढे जाऊन तिने तो विश्वचषकच जिंकला. एका गोलाने हुकलेली संधी आठ वर्षं मनात ठेवून आलेला संघ दुबळा कसा असेल?

सामना सुरू झाला. मिलानचे प्रेक्षक चक्क कॅमेरूनच्या बाजूने ओरडत होते. कारण मॅराडोना तेव्हा नापोली या क्लबकडून खेळत असे, आणि त्याच वर्षी नापोलीने मिलानला मागे टाकून इटलीची लीग जिंकली होती. तो राग! मध्यंतरापर्यंत गोल शून्य. दुसऱ्या डावात ६१ व्या मिनिटाला कॅमेरूनच्या आंद्रे काना-बियिकला लाल कार्ड मिळालं. तो बाहेर गेला. आता अकरांविरुद्ध दहा. झालं, संपला खेळ, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

पण सहाच मिनिटांनी काय झालं माहीत आहे? अर्जेंटिनाच्या गोलासमोर चेंडू उंच उडाला. त्याखाली फ्रांस्वा ओमाम-बियिकने अशी काही उडी घेतली, की तो क्षणभर हवेतच थांबलाय असं वाटावं. त्याने डोक्याने चेंडू मारला. तसा फटका काही फार जोराचा नव्हता. अर्जेंटिनाचा गोलरक्षक नेरी पुंपिदो तिथेच होता. पण चेंडू त्याच्या हाताला लागून निसटला आणि गोलात गेला! गोल करणारा ओमाम-बियिक कोण, ठाऊक आहे? लाल कार्ड मिळालेल्या काना-बियिकचा भाऊ! एक भाऊ डोकं धरून बाहेर बसलेला आणि दुसऱ्याने डोक्यानेच गोल केलेला.

शेवटी शेवटी कॅमेरूनच्या आणखी एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं. नऊच जण उरले. तरी त्यांनी गोल होऊ दिला नाही. कॅमेरून १, अर्जेंटिना ०. गतविजेते पहिल्याच सामन्यात गारद!

आता वही-पेन्सिल घ्या. १९७४ ते २००२ या काळात विश्वचषकाचा पहिला सामना गतविजेत्यांनीच खेळायचा असा रिवाज होता. त्या आठ सामन्यांचा हा हिशेब:

१९७४ – ब्राझील ०, युगोस्लाव्हिया ०
१९७८ – पश्चिम जर्मनी ०, पोलंड ०
१९८२ – अर्जेंटिना ०, बेल्जियम १
१९८६ – इटली १, बल्गेरिया १
१९९० – अर्जेंटिना ०, कॅमेरून १
१९९४ – जर्मनी १, बोलिव्हिया ०
१९९८ – ब्राझील २, स्कॉटलंड १
२००२ – फ्रान्स ०, सेनेगल १

गतविजेत्यांचं नाव आधी लिहिलं आहे. मोजा बरं! आठांपैकी किती जिंकले? फक्त दोन. तीन बरोबरीत सुटले आणि तीन चक्क हरले. सेनेगल तर २००२ मध्ये विश्वचषकात पहिल्यांदाच खेळत होता! आणि फ्रान्सला त्या स्पर्धेत एकही गोल करता आला नाही.

असं का होत असेल? थोडा विचार करा. गतविजेते कसे खेळतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. समोरच्या संघाला ते पाठ असतं. शिवाय त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही नसतं. हरलो तर हरलो, जिंकलो तर गावभर मिरवणूक! गतविजेत्यांचं मात्र उलटं. जिंकले तर "त्यात काय विशेष?" आणि हरले तर "असे कसे हरले?"

आणि शाळेच्या संघाचं तर आणखी एक दुखणं असतं. शालेय स्पर्धांना वयाची अट असते. चौदा वर्षांखालचे, सतरा वर्षांखालचे असे गट असतात. त्यामुळे गेल्या वर्षी ज्यांनी कप जिंकला, त्यांतले निम्मे तर या वर्षी शाळेतच नसतात! म्हणजे नाव गतविजेत्यांचं, पण संघ नवा कोरा. कप कपाटात राहतो आणि तो जिंकणारे पाय कॉलेजला निघून जातात.

हे मला कसं कळलं, ते सांगते. मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे फुटबॉलचं वेड किती, ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कुस्तीच्या तालमी तुम्हाला माहीत असतील, इथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत! शाहू स्टेडियमवर सामना असला, की अख्खी पेठ रिकामी होते. माझ्याकडे चौथीला असलेली काही मुलं जवळच्या हायस्कूलच्या संघात होती. त्यांनी आदल्या वर्षी कप जिंकला होता. पण अकरातले सात जण दहावी होऊन बाहेर पडले. गोलरक्षक म्हणून आला नववीतला एक लाजराबुजरा मुलगा. तोही माझाच विद्यार्थी.

पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे मला भेटायला आले. कप्तान म्हणाला, "बाई, पहिली मॅच खेड्यातल्या शाळेबरोबर हाय. काय टेन्शन न्हाई. औंदाबी कप आपलाच!"

मी म्हटलं, "शाब्बास!" खरं तर तेव्हाच मी त्यांना मिलानची गोष्ट सांगायला हवी होती. नाही सांगितली. त्यांचा हिरमोड कशाला करा, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मैदानावर गेले. पावसाने नुसता चिखल झाला होता. समोरचा संघ एस.टी.ने आला होता. सगळ्यांकडे बूटही नव्हते. बदली खेळाडू आत जायचा, तेव्हा बाहेर येणारा आपले बूट काढून त्याला द्यायचा. आमची मुलं ते पाहून हसली. मला ते आवडलं नाही, पण मी लांब उभी होते.

अर्ध्या तासाने त्या संघातल्या एका मुलाने लांबूनच चेंडू मारला. साधा फटका होता. ओला चेंडू आमच्या गोलरक्षकाच्या हातांतून निसटला, पायांमधून गेला आणि गोल! मध्यंतरात कुणी त्याच्याशी बोललं नाही. सगळे एका बाजूला पाणी पीत होते, आणि तो गोलाच्या खांबापाशी एकटाच उभा. दुसऱ्या डावात आमच्या मुलांनी जिवाचं रान केलं, पण चेंडू काही आत जाईना. ०-१. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची. एक हरलात की घरी! अर्जेंटिनाला निदान पुढचे साखळी सामने तरी होते. आमच्या मुलांचं गतविजेतेपद एका दुपारीच संपलं.

तो गोलरक्षक सरावाला जायचा बंद झाला. आठवडाभराने त्याची आई भाजी घेताना भेटली आणि म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगून बघा की." मी त्याला घरी बोलावलं आणि पुंपिदोची गोष्ट सांगितली. "अरे, तो साधासुधा गोली नव्हता. १९८६ ला विश्वचषक जिंकला, तेव्हा अर्जेंटिनाच्या गोलात तोच होता. जगज्जेत्याच्या हातूनसुद्धा चेंडू निसटतो!"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "मग पुढच्या मॅचला त्याला काढलं का बाई?"

"नाही. तोच उतरला."

"आणि?"

आता आली का पंचाईत! शिक्षकांनी खोटं सांगायचं नसतं. मी म्हटलं, "आणि त्याचा पाय मोडला."

तो इतका हसला, इतका हसला, की मलाही हसू आवरेना. मग मी उरलेली गोष्ट सांगितली. पुंपिदोच्या जागी सेर्खियो गोयकोचिया हा राखीव गोलरक्षक आला. अर्जेंटिनाने तो सामना २-० असा जिंकला. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्ध आणि नंतर इटलीविरुद्ध सामने पेनल्टीवर गेले. दोन्ही वेळा गोयकोचियाने पेनल्टी अडवल्या! पहिला सामना हरलेली अर्जेंटिना अंतिम फेरीत पोचली. तिथे पश्चिम जर्मनीकडून ०-१ अशी हरली, ती गोष्ट वेगळी. आणि कॅमेरून? ते उपांत्यपूर्व फेरीत गेले. तिथवर जाणारा तो आफ्रिकेतला पहिलाच देश.

तरीही तो दुसऱ्या दिवशी सरावाला गेला नाही हं! माझ्या गोष्टीने तो हसला, पण त्याचे पाय काही हलले नाहीत. ते हलवले दुसऱ्यांनीच. कप्तान आणि दोन बचावपटू सायकलवरून त्याच्या दारात गेले. कप्तान म्हणाला, "चल की. गोलात कोण उभारणार?" नंतर तो मला म्हणाला, "बाई, बॉल त्याच्या हातातनं सुटला, खरं हाय. पण त्या पोराला मारायला जागा कुणी दिली? आमी तिघं नुसतं हुबं हुतो. कोण हाय हे, असं म्हणत." दहावीतला मुलगा हे बोलला! मला त्याचा कपापेक्षा जास्त अभिमान वाटला.

तर मित्रांनो, तुम्ही कधी गतविजेते झालात, आणि तुम्ही व्हावं असं मला मनापासून वाटतं, तर पहिल्या सामन्याआधी तीन गोष्टी लक्षात ठेवा. समोरच्याचे बूट पाहू नका, त्याचे पाय पाहा. संघात नवीन कोण आलं आहे, त्याच्याशी आधी बोला. आणि कुणाच्या हातून चेंडू निसटलाच, तर तो त्याच्यापर्यंत कसा आला, हे स्वतःला विचारा. फुटबॉलच कशाला, वक्तृत्व असो, स्कॉलरशिप असो, गेल्या वर्षीचा पहिला नंबर या वर्षीचा पेपर सोडवत नाही.

त्या हायस्कूलचा कप फिरता होता. तो स्पर्धेआधीच परत गेला. परवा मी तिथे गेले, तेव्हा कपाट पाहिलं. कप ठेवला होता तेवढा एक गोल अजून स्वच्छ आहे, भोवती धूळ. शिपाईमामा पुसायला निघाले, तर कप्तान म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ दे. जागा लक्षात ऱ्हाईल."

तो नववीतला गोलरक्षक आता दहावीत जाईल. कप्तान नसेल, पण गोलरक्षक असेल. आणि या वेळी ते गतविजेते नसतील. म्हणजे डोक्यावर ओझं नाही! पहिल्या सामन्याला मी जाणार आहे. या वेळी मात्र मिलानची गोष्ट आदल्या दिवशीच सांगणार.

तुमचा पहिला सामना कधी आहे? कळवा हं!