शिट्टीपूर्वीचे भय

माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील पाच वर्षांच्या मुलास प्रेशर कुकरची शिट्टी मुळीच सहन होत नसे. आणि तो स्वमग्न असल्याचे निदान वर्षभरापूर्वीच झालेले असल्यामुळे, अशा मुलांचे कान तिखटच असावयाचे, एवढे म्हणून घरच्या मंडळींनी त्या गोष्टीचा छडा लावण्याचे सोडून दिले होते. एके दिवशी मात्र आजीच्या ध्यानात आले की, सून डब्यातून तांदूळ काढून धुवावयास लागली रे लागली की नातू पलंगाखाली शिरतो. त्या वेळी कुकर अजून फडताळातच असतो आणि शिट्टीला चांगला अर्ध्या तासाचा अवकाश असतो. "अगं, हा आवाजाला नाही, तांदळाला भितोय," असे ती सुनेला म्हणाली, आणि मानसवैद्यकातील एका मोठ्या प्रकरणाचा मथळाच नकळत सांगून गेली.

कारण आवाज कानाला बोचणे हे स्वमग्नतेचेच एक अंग असले, तरी तो होणार या धास्तीने आधीपासून जीव मुठीत धरून बसणे हा बहुधा चिंताविकार असतो, आणि त्याची दखल स्वतंत्रपणेच घ्यावी लागते. 'स्वमग्न' हा शब्द मोठा गोंडस खरा, पण त्याने एखाद्या ध्यानस्थ बालयोग्याचे जे चित्र मनापुढे उभे राहते, ते फसवे आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या निबंधात अकरा मुलांची हकिकत मांडली, त्यातच नळाचे पाणी, गॅसची शेगडी, पाळण्यासारखा झोका, अंडी फेटण्याचे यंत्र, किंबहुना साधा वारादेखील अशा मुलांची कशी गाळण उडवीत असे, याचा तपशील आलेला आहे.

तथापि पुढे या भयाची नोंद निदानाच्या दप्तरात बऱ्याचदा झालीच नाही. मूल चावते, झोपत नाही, एकाच रस्त्याने शाळेत जाण्याचा हट्ट धरते, अशा हरएक तक्रारीवर 'स्वमग्नतेमुळे' हा एकच शेरा मारला की मिसल बंद. आणि 'मला भीती वाटते' हे वाक्य ज्याला जुळवता येत नाही, ते मूल त्यावर अपील तरी कुठे करणार? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या १९९४ च्या नियमपुस्तकाने तर स्वमग्नतेच्या जोडीला अवधानाचा अभाव व अतिचंचलता यांचे निदान करण्यासच मनाई केली होती. ती २०१३ साली उठली.

वस्तुतः इंग्लंडात दहा ते चौदा वर्षांच्या ११२ स्वमग्न मुलांची जी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली, तीत सुमारे ७० टक्के मुलांना आणखी किमान एक मनोविकार आढळला आणि ४१ टक्के मुलांना दोन किंवा अधिक. माहिती प्रामुख्याने पालकांच्या मुलाखतींतून घेतलेली असल्याने हे आकडे काहीसे जपूनच वाचावेत. पण ते निम्मे धरले तरी दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

इलाजाच्या आधी दाढ, कान, बद्धकोष्ठ यांची तपासणी व्हावी, कारण न सांगता येणारे दुखणेही भीतीसारखेच दिसते. औषधांविषयी इतकेच की, अतिचंचलतेवरील नेहमीच्या औषधांचा या मुलांपैकी काहींना उपयोग होतो, परंतु इतर मुलांच्या मानाने गुण कमी व चिडचिडीसारखे उपद्रव जास्त, म्हणून तज्ज्ञ मात्रा बेताची ठेवून सुरुवात करतात. भीतीवर मात्र पायरीपायरीची ओळखच बरी.

आमच्या या मुलाच्या बाबतीत आधी नुसते तांदूळ धुऊन ठेवून देण्यात आले. मग रिकामा कुकर खेळावयास, मग सुटी शिट्टी हातात, आणि ओट्याशेजारी भिंतीवर 'धुणे, शिजणे, शिट्टी, जेवण' अशी चार चित्रे. या खटाटोपात चार महिने गेले. आता तो कानांवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि तिसऱ्या शिट्टीला स्वतःच 'बंद!' म्हणून ओरडतो. मिक्सरचे प्रकरण अद्याप प्रलंबित आहे.