बटाटा, गूळ आणि टीटीचं इंजेक्शन

गोंदिया जिल्ह्यात आमगाव, तिरोडा, गोरेगाव, कुठल्याही रस्त्यानं निघा. घरापुढच्या पडवीत किंवा गोठ्याला लागून टिनाचं एक शेड दिसतंच. आत वेल्डिंग मशीन, चार इंची ग्राइंडर, ड्रिल आणि एखादी जुनी ऐरण. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, मळणीयंत्राचे पत्रे आणि रोवणीच्या हंगामात मोडून आलेली ट्रॅक्टरची केजव्हीलं, हे इथलं काम. काही जण आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड करून आलेले असतात, बाकीचे उस्तादाच्या हाताखाली तयार होतात. उस्तादाकडून हात तयार होतो, पण सोबत काही समजुतीही येतात.

या समजुती टिकतात त्याला कारण आहे. वर्कशॉपमधल्या बऱ्याच इजा कामाच्या वेळी जाणवत नाहीत. त्या रात्री उठतात आणि दोन दिवसांत आपोआप बऱ्या होतात. मधल्या वेळात जे लावलं किंवा प्यायलं, त्याला श्रेय मिळतं.

“डोळ्याला वेल्डिंग लागली की बटाटा ठेवा”

आर्कच्या उजेडातले अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर भाजतात. दुखणं साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतं, म्हणून दुपारी टाके मारणारा रात्री उठून बसतो. डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं वाटतं, पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. हा थर एक-दोन दिवसांत नव्यानं भरून येतो. बटाटा ठेवा अगर नका ठेवू. बटाट्याचा गारवा बरा वाटतो हे खरं, पण तेवढं काम मिटलेल्या पापण्यांवर ठेवलेली स्वच्छ ओली पट्टीही करते. कच्च्या बटाट्याचा रस, दूध किंवा मध सोललेल्या डोळ्यात घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला बोलावणं.

याहून वाईट म्हणजे डोळा सुन्न करणारे थेंब. एका मिनिटात आराम पडतो, त्यामुळे त्यांची शिफारस तोंडोतोंडी होते. हे थेंब डॉक्टरांनी तपासण्यापुरते वापरायचे असतात. घरी वारंवार घातले तर थर भरून येणंच थांबतं आणि बुबुळावर व्रण पडू शकतो. अंधारी खोली, वेदनाशामक गोळी आणि सकाळी नेत्रतज्ज्ञ, एवढं पुरे. मात्र दुखणं एकाच डोळ्यात असेल तर वेल्डिंगला दोष देऊ नका. तिथे बहुधा कण रुतला आहे. तो काडीनं किंवा रुमालाच्या टोकानं काढायला जाऊ नये. लोखंडाच्या कणाभोवती लवकरच गंजाचं कडं धरतं आणि ते डॉक्टरांनाच काढावं लागतं.

“टाका मारताना मी डोळे मिटतो” असं सांगणारे अनेक भेटतात. आर्क पापणीच्या आधी पेटतो. बाजारातला काळा गॉगलही पुरत नाही. साधारण ८० ते १३० अँपिअरच्या रॉडकामाला १० किंवा ११ नंबरची काच लागते. गॅस कटिंगचा चष्मा त्यापेक्षा बराच फिका असतो, आर्कला तो चालत नाही. आणि मिस्त्रीच्या हातात ढाल असते, पण नळी धरून उभ्या असलेल्या पोऱ्याचं काय? नवा टिनाचा पत्रा किंवा चुन्याची भिंत जवळ असेल तर किरण परतूनही येतात.

“दूध प्या, गूळ खा, धूर उतरतो”

ही समजूत सगळ्यांत पक्की आहे. जीआय पाइपवर जस्ताचा थर असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, लोखंड वितळायला १५०० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे टाका बसायच्या आत जस्ताची वाफ होऊन गेलेली असते. तो पांढरा धूर आणि कामावर जमणारी कापसासारखी भुरभुर म्हणजे झिंक ऑक्साइड. चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. दिवस-दीड दिवसात ताप उतरतो आणि दुधाचं नाव होतं. दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुप्फुसात गेलेला असतो.

देवरी-सालेकसाच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहेच. तेव्हा थंडीताप घेऊन दवाखान्यात गेलात तर आदल्या दिवशी जीआय पाइप जाळला होता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हिवतापाची रक्ततपासणीही करून घ्या.

“आपल्याला सवय झाली” हेही पूर्ण खरं नाही. रोजच्या धुराला शरीर काही दिवस सरावतं, सुट्टी पडली की सराव जातो आणि कामाच्या पहिल्याच दिवशी पुन्हा ताप भरतो. इंग्रजी मुलखात या तापाला सोमवारचा ताप म्हणायचे ते त्यामुळेच. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ अडवतो, हा धूर नाही. त्याचे कण फारच बारीक असतात. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढणं, काम उघड्यावर करणं, वारा बाजूनं घेणं आणि डोकं धुराच्या लोटातून बाहेर ठेवणं, हे उपाय खरे. सोनेरी मुलाम्याच्या जुन्या नटबोल्टांना तर टाका मारूच नये. मुलामा कॅडमियमचा असू शकतो. त्याचा ताप सुरुवातीला असाच दिसतो, पण पुढे फुप्फुसं भरून जीव जाऊ शकतो. तापासोबत दम लागला तर घरी थांबू नका.

“वेल्डिंगच्या करंटनं माणूस मरत नाही”

आर्क पेटलेला नसताना होल्डरवर साधारण ५० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हाताला ते फारसे जाणवत नाहीत, म्हणून ही बेफिकिरी. आता जुलै धरा. बांधीत केजव्हील मोडलं, गडी चिखलात गुडघा टेकून बसला आहे, कपडे पावसानं आणि घामानं चिंब, आणि रॉड उघड्या हातानं बदलतोय. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. ८० व्होल्टला ८० मिलिअँपिअर झाले. हृदयाचा ठोका बिघडवायला एवढे पुरतात.

“एमसीबी आहे ना!” एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. ग्राइंडर आणि ड्रिलसाठी तो जरूर बसवा. पण वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरच्या होल्डरकडची बाजू मेन लाइनपासून अलग असते, त्यामुळे तिथला धक्का आरसीसीबीला कळतच नाही. तसंच कामाला लावलेला अर्थचा चिमटा म्हणजे मशीनचं अर्थिंग नव्हे. चिमट्यानं आर्कचा करंट परत जातो. मशीनच्या खोक्याला जमिनीत गाडलेल्या अर्थिंगची वायर वेगळी द्यावी लागते. होल्डरच्या बाजूला वाचवतात ते कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळव्याचे बूट आणि गुडघ्याखाली कोरडी फळी.

“गार्डमुळे काम दिसत नाही”

इथे दूध-बटाट्याची वेळही येत नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. म्हणजे चाकाची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं फिरते. त्या वेगानं सुटलेला तुकडा कुठे जाईल हे ठरवण्याचं काम गार्डचं आहे. गार्ड काढला जातो तो बहुतेक वेळा मोठं चाक बसवायला. सात इंची चाकाची मर्यादा साधारण ८,५०० फेऱ्यांची असते आणि ती चाकावर छापलेली असते. ते ११,००० वर फिरवलं तर त्यावरचा ताण मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होतो, कारण ताण वेगाच्या वर्गानं वाढतो. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणाऱ्यांबद्दल तर काय लिहावं!

एक मिलिमीटरचं कटिंग चाक कडेनं कापायला असतं. त्याच्या सपाट बाजूनं घासू नये. रेझिनच्या चाकाला मुदत असते, चांगल्या चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर ती छापलेली सापडते. ओल लागली की त्याची पकड ढिली होते, तेव्हा पावसाळ्यात ते शेडमध्ये टांगून ठेवू नका. बेंच ग्राइंडरचं दगडी चाक मात्र माठ घेताना वाजवून बघतात तसं बघता येतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत तडा आहे.

हातमोजे सगळीकडे चांगले, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. वेल्डिंगला ते हवेतच. ड्रिल आणि लेथवर नकोत, कारण फिरता बिट कापड पकडतो आणि मागोमाग बोट जातं. गळ्यातला दुपट्टा तर ग्राइंडरपाशीही नको.

“रिकाम्या ड्रमला काय होतंय?”

भरलेल्यापेक्षा रिकामा ड्रम घातक, कारण आत तेलाची वाफ आणि हवा दोन्ही असतात. “डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही” हे थंड डिझेलपुरतं खरं आहे. टाक्याच्या उष्णतेनं सांध्यात मुरलेल्या डिझेलची वाफ होते, झाकण उघडं ठेवलं तरी. पाणी तापवायची चूल करायची असेल तर तेलाचा ड्रम घेऊच नका.

गोंदियात आगीची आणखी एक वाट आहे: तणस. ग्राइंडरची आणि कटिंगची ठिणगी दहा मीटरपर्यंत जाऊ शकते. ती तणसाच्या ढिगात, धानाच्या भुशात किंवा बारदान्यात शिरली तर लगेच ज्वाळा दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. उन्हाळी धानाच्या कापणीनंतर, मे महिन्याच्या उन्हात, शेड बंद करून जेवायला गेलेल्या माणसाला मागे काय सुरू आहे ते कळत नाही. ढीग लांब हलवा, नसेल हलत तर त्या दिवशी काम दुसरीकडे करा. शेवटचा टाका मारल्यावर निदान तासभर कुणीतरी तिथे थांबा, हाताशी पाण्याची बादली ठेवून.

“गंजलेलं लागलं, टीटी घ्या”

धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात. गोठ्यालगतच्या शेडमध्ये चकचकीत नव्या पत्र्यानं कापलं तरी धोका तोच. उलट प्रत्येक खरचटण्याला किंवा दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचीही गरज नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर मातकट किंवा खोल जखमेला मागच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील तेव्हा, आणि स्वच्छ किरकोळ जखमेला दहा वर्षं उलटली असतील तेव्हा बूस्टर लागतो. डोस झालेत की नाही हेच आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. जखम आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, हळद किंवा ग्रीस भरू नका. आणि इंजेक्शनची तारीख शेडच्या दारामागे खडूनं लिहून ठेवा, घरचे कागद ऐनवेळी सापडत नाहीत.