नाव, क्रमांक आणि उलट नोंद

वाशिम जिल्ह्यात मालेगाव हे तालुक्याचे गाव आहे. नाशिक जिल्ह्यातही मालेगाव आहे. नुसत्या नावावर टाकलेले पत्र भलत्याच मालेगावी जाऊ नये म्हणून पत्त्यात तालुका, जिल्हा आणि १९७२ पासून पिनकोडही येतो : पहिल्याचा ४४४५०३, दुसऱ्याचा ४२३२०३. भाषाभ्यासकास येथे एक गंमत आढळेल. मराठी पत्ता व्यक्ती, गाव, तालुका, जिल्हा असा विशेषाकडून सामान्याकडे जातो. पिनकोड मात्र विभागापासून डाकघरापर्यंत, म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे उतरतो.

ई-मेलच्या व्यवहारातही हेच दोन क्रम एकमेकांसमोर उभे आहेत. 'वाशिम डॉट गव्ह डॉट इन' या नावात स्थळ आधी व देश शेवटी येतो, यंत्राच्या २०३.०.११३.२५ यासारख्या आयपी क्रमांकात जाळे आधी व यंत्र शेवटी. नावावरून क्रमांक सांगणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ साली आखली गेली. क्रमांकावरून नाव शोधावयाचे, तर तो २५.११३.०.२०३ असा उलटा मांडून त्यास 'इन-अ‍ॅडर डॉट आर्पा' हा प्रत्यय जोडतात. तेथे मिळणारी नोंद ती पीटीआर नोंद. शोधाची दिशा उलटी आणि लेखनही उलटे, तेव्हा 'उलट' हे विशेषण दुहेरी सार्थ आहे.

या नोंदीचे महत्त्व वाढले ते नकोशा पत्रांमुळे. पत्र घेऊन येणारा सर्व्हर स्वतःचे नाव सांगतो. ते कोणतेही सांगता येते. जोडणीचा क्रमांक मात्र सहसा लपविता येत नाही. म्हणून घेणारा सर्व्हर क्रमांकास नाव विचारतो आणि मिळालेल्या नावास पुन्हा क्रमांक विचारतो. ही दुसरी पृच्छाच निर्णायक होय. नावाची नोंद नावाच्या धारकाच्या हाती असते, क्रमांकाची नोंद क्रमांक पुरविणाऱ्याच्या हाती. आपल्या क्रमांकापुढे परक्याचे नाव लिहिणे एखाद्यास जमेल; परक्याच्या नावापुढे आपला क्रमांक लिहिणे सहसा जमत नाही.

परंतु याच व्यवस्थेत निरपराध माणूसही अडतो. समजा, वाशिममधील एखाद्या महाविद्यालयाने साध्या ब्रॉडबँड जोडणीवर स्वतःचा मेल-सर्व्हर उभारला. त्याचे नाव खरे, पत्रेही खरी. पण क्रमांक सेवापुरवठादाराचा. उलट नोंद नसेल, किंवा असलीच तर घरगुती जोडण्यांस सरसकट दिलेल्या नावाची असेल, आणि विद्यार्थ्यांस धाडलेली प्रवेशाची पत्रे वाटेतच नाकारली जातील. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने तर सर्वच प्रेषकांकडून वैध उलट नोंदीची अपेक्षा नियमांत घातली आहे. उलटपक्षी, भाड्याने सर्व्हर घेऊन दोन्ही नोंदी बिनचूक करणारा लबाड या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. कारण येथे तपासली जाते ती नावाची आणि क्रमांकाची जुळणी, सचोटी नव्हे.

अशा महाविद्यालयापुढे दोन मार्ग राहतात : पुरवठादाराकडून स्थिर क्रमांक घेऊन त्यापुढे आपले नाव लिहवून घेणे, अथवा ज्याच्या नोंदी आधीच जुळलेल्या आहेत अशा सर्व्हरमार्फत पत्रे रवाना करणे.