जुना हिशेब, नवा संगणक

मागल्या महिन्यात हवेली तालुक्यातल्या एका विकास सोसायटीचे सचिव जुन्या संगणकाची हार्डडिस्क पिशवीत घालून पुण्यात आले. तपकीर गल्लीत दुकानांचे उंबरे झिजवून माझ्याकडे पोचले. मी शेतीचा पदवीधर खरा, पण कचेरीत डॉसवर हात बसलेला!

एका खातेदाराने १९९८ साली कर्ज फेडले, तरी सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिला होता. दाखला द्यावा तर खातेवही वाळवीने खाल्लेली. नोंद उरली ती डॉसवरच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये, आणि नवा संगणक तो उघडीना.

डॉस १९८१ सालचा. त्यावर एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. पडदा, कळफलक, छपाईयंत्र सारे आपलेच, असे धरूनच तो लिहिलेला असे. विंडोजमध्ये अनेक कामे एकदम चालतात. विहीर एक आणि भाऊ चार, म्हणजे पाळी आलीच. जुन्या प्रोग्रॅमला पाळी ठाऊक नाही. म्हणून १९९० च्या विंडोज ३.० मध्ये, ३८६ जातीच्या संगणकावर, त्याच्यासाठी वेगळी चौकट उघडून आत एक लटका संगणक उभा करीत. त्याला वाटे, सारी विहीर आपलीच! ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ही सोय उरली नाही, आणि विंडोज ११ तर ६४ बिटांतच येते.

यावर डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो जुन्या संगणकाचे पुरते सोंग वठवतो. आम्ही आधी डिस्कवरच्या फायलींच्या दोन नकला केल्या, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि नकलेवर प्रोग्रॅम चालवला. खाती दिसली. आकडे नीट, पण नावांच्या जागी वेडीवाकडी चिन्हे! सचिवांचा चेहरा उतरला.

त्याचे मूळ पुण्यातच सापडले. १९८८ साली स्थापन झालेल्या इथल्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवले की डॉसच्या पडद्यावर मराठी उमटे. सोसायटीच्या जुन्या यंत्रात ते होते. नव्यात ते बसवायला खाचच नाही. तरी अक्षरे हरवलेली नसतात. इस्की पद्धतीत प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असतो, १९९१ साली तिचे भारतीय मानकही झाले. त्या क्रमांकांवरून नावे आजच्या युनिकोडमध्ये आणता येतात. आमचे काम त्या दिवशी खाते क्रमांकावरच भागले. शेवटचा हप्ता जमा, बाकी शून्य.

रोजच्या नव्या नोंदी मात्र यात करू नयेत. डॉसबॉक्स मुख्यतः जुन्या खेळांसाठी घडवलेला आहे, आणि दोघांनी एकदम एकच फाईल उघडली तर गोंधळाचा संभव. छपाईही मूळ डॉसबॉक्समधून होत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स-एक्स घ्यावा. आम्ही तेवढा खटाटोप केला नाही. आकडे कागदावर उतरवून घेतले आणि सचिवांनी बँकेच्या उताऱ्याशी त्यांचा ताळा घेतला.

दाखला तलाठ्याकडे पोचला आहे. फेरफार मंजूर व्हायचा आहे.