मनीमाजऱ्याच्या गल्लीत नकाशाची परीक्षा

चंडीगडचा नकाशा आधी झाला आणि रस्ते मागाहून. वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात ८०० मीटर बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले, त्यांना आकडे दिले आणि त्यातून १३ हा आकडा वगळला. शहराच्या पूर्व कडेला, पंचकुल्याला खेटून असलेल्या मनीमाजऱ्याची गोष्ट बरोबर उलटी. इथला किल्ला, बाजार आणि गल्ल्या चंडीगडच्या कितीतरी आधीच्या. जवळचं मनसादेवीचं देऊळ मनीमाजऱ्याच्या राजा गोपालसिंगाने १८११ ते १८१५ या काळात बांधवलं. २०२० मध्ये प्रशासनाने या गावाला सेक्टर १३ म्हणायचं ठरवलं. आकडा मिळाला, गल्ल्यांची वळणं मात्र जुनीच राहिली.

म्हणूनच फोनवरच्या नकाशाची खरी परीक्षा घ्यायची असेल, तर सेक्टर १७च्या चौकात नाही, मनीमाजऱ्याच्या जुन्या वस्तीत घ्यावी. आणि परीक्षक म्हणून तिथून रोज ये-जा करणाऱ्या माणसाहून चांगला कोणी मिळायचा नाही.

ही परीक्षा घेता येते, कारण जगात एक नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे. स्टीव्ह कोस्ट या तरुणाने २००४ साली लंडनमध्ये सुरू केलेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’. तो कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्त करावा. त्याच्या पोटात डोकावलं की थक्क व्हायला होतं. अख्खं जग तिथे तीनच गोष्टींनी उभं केलेलं आहे: बिंदू, बिंदू जोडून झालेल्या रेषा, आणि या दोन्हींची नाती. मनीमाजरा साधारण ३०.७१ अक्षांश आणि ७६.८४ रेखांशावर आहे. पण इथला प्रत्येक बिंदू दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत नोंदवता येतो, म्हणजे जवळजवळ एका सेंटिमीटरपर्यंत! प्रत्येक रेषेला माहितीच्या चिठ्ठ्या जोडता येतात: रस्ता डांबरी की सिमेंटचा, एकेरी की दुहेरी, पुढे फाटक आहे का, पायऱ्या आहेत का.

आता एक गल्ली जवळून पाहू. समजा, दोन गल्ल्या प्रत्यक्षात एकमेकींना मिळतात आणि नकाशावरही मिळालेल्या दिसतात. तरी अ‍ॅप तुम्हाला पार मुख्य रस्त्यावरून वळसा घालायला लावतं. असं का? कारण वाट शोधणारा प्रोग्राम चित्र पाहतच नाही. त्याला दिसतं बिंदूंचं जाळं, आणि त्यातून तो सर्वांत कमी खर्चाची वाट काढतो. डच शास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली रीत आजही या हिशेबाच्या मुळाशी आहे. दोन रेषा एकमेकींवरून गेल्या पण त्यांच्यात सामाईक बिंदू नसला, तर प्रोग्रामच्या लेखी ती भेट होतच नाही. एक रस्ता पुलावरून आणि दुसरा खालून जावा, तसं तो समजतो. एक बिंदू जोडला की गल्ली मोकळी होते. भिंत पाडावी लागत नाही, रस्ता खणावा लागत नाही!

पण चूक नकाशाच्या माहितीत आहे की अ‍ॅपमध्ये, हे कसं ओळखायचं? एकाच डब्यातलं पीठ दोघींनी नेलं आणि दोघींच्याही पोळ्या कडू झाल्या, तर दोष पिठाचा. एकीचीच करपली, तर तव्याचा. ‘ऑसमअँड’ आणि ‘ऑरगॅनिक मॅप्स’ ही दोन्ही अ‍ॅप्स ओपनस्ट्रीटमॅपचीच माहिती वापरतात. तोच प्रवास दोन्हींत टाकून पाहा. दोन्ही चुकली, तर बहुधा माहिती दुरुस्त करायची. एकच चुकलं, तर त्या अ‍ॅपच्या प्रोग्रामरांना कळवायचं. तुलनेआधी दोन्हींतले नकाशे ताजे करून घ्यायचे, नाहीतर जुन्या माहितीचं खापर अ‍ॅपवर फुटतं.

कळवणं हीही एक कला आहे. ‘रस्ता चुकीचा दाखवतो’ एवढ्यावर कोणाला काही करता येत नाही. निघण्याचं ठिकाण, पोहोचण्याचं ठिकाण, गाडीने की पायी, अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, सोबत स्क्रीनशॉट. एवढं दिलं की मनीमाजरा कधीही न पाहिलेला प्रोग्रामर तीच चूक आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहू शकतो. चूक पुन्हा घडवता आली की निम्मं काम झालंच.

उपग्रह असताना माणूस कशाला, असं वाटेल. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. एवढं अंतर कापून आलेला संकेत अरुंद गल्लीत भिंतीवर आपटून फोनमध्ये शिरतो, वाढलेली ती थोडीशी वाट मोजमापात मिसळते आणि आपला ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. आकाशातून घेतलेल्या चित्रातही छज्ज्यांच्या सावलीत गल्ली हरवते, शिवाय अख्खं चित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं. आणि फाटक रात्री बंद होतं, इथल्या मोटर मार्केटमधलं अमुक दुकान आता उठलं, हे तर कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

हेच ओळखून टोबियास त्स्विक या जर्मन प्रोग्रामरने ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अ‍ॅप केलं. तुम्ही उभे आहात तिथलेच प्रश्न ते विचारतं: हा रस्ता कशाचा आहे? इमारत किती मजली? दुकान अजून आहे का? तुम्ही दिलेलं उत्तर थेट ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं. पथ्य एकच: दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून काही उतरवायचं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, पायाखालून गेलेलं किंवा मोकळ्या परवान्याचं तेवढंच लिहायचं.

एकाच जागेचं नाव हिंदीत, पंजाबीत आणि मराठीत वेगवेगळं नोंदवायचीही सोय आहे. चंडीगडला राहणारा मराठी माणूस मनीमाजऱ्याचं मराठी नाव घालू शकतो, आणि सुट्टीत गावी गेला की आपल्या वाडीचं, ओढ्याचं, देवळाचंही.

मुख्य नकाशावर अशी दुरुस्ती बहुतेकदा काही मिनिटांत दिसते आणि मग प्रत्येक अ‍ॅपच्या पुढच्या ताज्या नकाशातून जगभर पोहोचते. चंडीगडचा नकाशा मूठभर थोर माणसांनी कागदावर काढला. मनीमाजऱ्याचा नकाशा तिथे राहणाऱ्यांना स्वतः काढता येतो, आणि मला ही आपल्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते. तेव्हा पुढच्या वेळी अ‍ॅप भलत्याच वळणावर नेईल, तेव्हा ते मिटण्याआधी दोन मिनिटं थांबून काय चुकलं ते नीट टिपा आणि कळवा. तुमच्यामागून त्या वाटेने जो कोणी येईल, त्याची वाट तेवढी चुकायची नाही.