शय्यामूत्र गजर

शय्यामूत्र गजर (प्रचलित नाव: बेडवेटिंग अलार्म) हे झोपेत नकळत लघवी होणाऱ्या मुलांसाठी वापरले जाणारे विद्युत उपकरण आहे. लघवीचे पहिले थेंब पडताच त्यातील संवेदक ओलावा टिपतो आणि आवाज, कंप किंवा प्रकाश यांच्या साहाय्याने मुलाला जागे करतो. त्याचा उद्देश अंथरूण कोरडे ठेवणे हा नसून, भरलेल्या मूत्राशयाच्या संकेताला झोपेतही प्रतिसाद देण्याची सवय लावणे हा आहे. त्यामुळे त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात.

पार्श्वभूमी

वयाच्या पाचव्या वर्षानंतरही झोपेत लघवी होत असल्यास वैद्यकशास्त्रात त्यास शय्यामूत्रता म्हणतात. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांमध्ये ती आढळते. दरवर्षी त्यांपैकी साधारण १५ टक्के मुले उपचाराविनाच बरी होतात. पौगंडावस्थेअखेर हे प्रमाण एक ते दोन टक्क्यांवर येते. 'शय्यामूत्र' या नावाने शार्ङ्गधर संहितेतही बालरोगांमध्ये तिची गणना केलेली आहे.

रात्री अधिक मूत्र तयार होणे, मूत्राशयाची रात्रीची धारणक्षमता कमी असणे आणि मूत्राशय भरूनही जाग न येणे ही तिची तीन प्रमुख कारणे आहेत. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. बद्धकोष्ठतेमुळे मूत्राशयावर दाब पडून त्रास वाढतो. आळस, हट्ट किंवा खोडसाळपणा ही याची कारणे नव्हेत. मूल झोपेत असल्याने त्याचे त्यावर नियंत्रण नसते. शिक्षा केल्याने किंवा लाजवल्याने त्रास कमी होत नाही. मूल मात्र तो लपवू लागते.

इतिहास

बालरोगतज्ज्ञ माइनहार्ड फॉन फाउंडलर यांनी १९०४ मध्ये रुग्णालयातील बालकांचे अंथरूण ओले होताच परिचारिकांना कळावे म्हणून घंटेचे एक यंत्र वापरले. या यंत्रामुळे काही मुलांची सवयच सुटल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे १९३८ मध्ये ऑर्व्हल होबार्ट मॉवरर आणि विली मे मॉवरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने ३० मुलांवरील अनुभव प्रसिद्ध करून या पद्धतीस अभिसंधानाचा सैद्धांतिक आधार दिला. त्यांची 'घंटा आणि चटई' पद्धत आजच्या उपकरणांची पूर्वज होय.

रचना व प्रकार

लघवीत क्षार असल्याने ती विजेची सुवाहक असते. संवेदकातील दोन वाहकांमध्ये लघवी पोहोचताच विद्युतमंडल पूर्ण होते व गजर वाजतो. प्रवाह अत्यंत क्षीण असल्याने मुलाला झटका बसत नाही.

चटई प्रकार: चादरीखाली संवेदक चटई अंथरली जाते व गजराची पेटी जवळ ठेवली जाते. मुलाच्या अंगावर काहीही लावावे लागत नाही. परंतु मूल कुशीवर सरकल्यास गजर उशिरा वाजतो किंवा वाजतच नाही.

अंगावरील प्रकार: संवेदक चड्डीला चिमट्याने लावून गजर खांद्याजवळ सदऱ्यावर अडकवतात. ओलावा लवकर टिपला जातो. वायर सदऱ्याच्या आतून घेणे व गळ्याभोवती न येऊ देणे आवश्यक असते.

बिनतारी प्रकार: संवेदकाकडून दूर ठेवलेल्या ग्राहक यंत्राकडे संदेश जातो. पालक दुसऱ्या खोलीत झोपत असल्यास तो सोयीचा ठरतो. किंमत मात्र तुलनेने जास्त असते.

निवडीचे निकष

उपकरण घेण्यापूर्वी मूल व कुटुंब दोघांची तयारी पाहिली जाते. मुलाला स्वतःला कोरडे राहण्याची इच्छा असणे महत्त्वाचे असते; सहा-सात वर्षांनंतर ही समज सहसा येते. आठवड्यातून एखाददुसऱ्याच रात्री त्रास होत असल्यास सराव पुरेसा होत नाही. घरात मुलावर राग किंवा दोषारोप होत असल्यास, अथवा रात्री उठणे पालकांना झेपत नसल्यास, गजर योग्य मानला जात नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही असेच सांगितले आहे.

घराची परिस्थितीही निर्णायक ठरते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे त्याचे बोलके उदाहरण आहे. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी, बावधन परिसरात सदनिकांची वस्ती आहे. मुलांना स्वतंत्र खोली असलेल्या अशा घरांत बिनतारी उपकरण उपयोगी पडते. पश्चिमेस ताम्हिणी घाटाकडील वाड्या-वस्त्यांवर अतिवृष्टी होते आणि पावसाळ्यात वीज वारंवार खंडित होते; तेथे बॅटरीवर चालणारे उपकरणच भरवशाचे ठरते. भावंडे एकाच सतरंजीवर झोपत असल्यास चटईपेक्षा अंगावरील प्रकार सोयीचा असतो. सर्वांची झोपमोड टाळण्यासाठी कंपाची सोय असावी. मात्र गाढ झोपणारी मुले केवळ कंपाने उठतीलच असे नाही. पावसाळ्यात गोधडी व गादी दिवसेंदिवस वाळत नाहीत, त्यामुळे खाली जलरोधक कापड आणि बदलण्यासाठी हलक्या सुती चादरी ठेवाव्या लागतात.

याखेरीज संवेदक धुण्याजोगा असणे, घामाने खोटा गजर न होणे आणि बटणासारख्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणे हे पाहिले जाते. अशी बॅटरी लहान भावंडाने गिळल्यास जिवावर बेतू शकते.

वापराची पद्धत

सुरुवातीच्या काळात बहुतेक मुले गजराने स्वतःहून उठत नाहीत. घरातील मोठ्यांनी मुलाला पूर्ण जागे करावे लागते. मूल स्वतः गजर बंद करते, शौचालयात जाऊन उरलेली लघवी करते, कपडे बदलते व गजर पुन्हा लावते. शौचालय घराबाहेर असल्यास सोबत, कंदील किंवा विजेरी यांची व्यवस्था आधीच केलेली बरी.

कोरड्या रात्रींइतक्याच प्रयत्नांच्या नोंदी ठेवल्या जातात. ओला डाग लहान होणे, गजर रात्री उशिरा वाजणे व मूल स्वतः उठू लागणे ही प्रगतीची प्रारंभिक चिन्हे होत. चार आठवड्यांत यांपैकी काहीच न दिसल्यास वापर थांबवून डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. प्रगती असल्यास सलग १४ कोरड्या रात्री होईपर्यंत गजर चालू ठेवतात. यास दोन ते तीन महिने लागू शकतात.

परिणामकारकता व मर्यादा

गजर वापरणाऱ्या मुलांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मुले उपचारादरम्यान कोरडी राहू लागतात. वापर थांबवल्यानंतर सुमारे निम्मी मुले कोरडी राहतात. त्रास परत सुरू झाल्यास गजर पुन्हा लावता येतो. डेस्मोप्रेसिन या औषधाचा परिणाम लवकर दिसतो, पण ते बंद केल्यावर त्रास बहुधा परततो. शालेय सहल किंवा वसतिगृहातील मुक्काम अशा प्रसंगी ते उपयोगी पडते. ते वैद्यकीय सल्ल्यानेच द्यावे लागते व घेतल्यानंतर रात्री पाणी पिण्यावर मर्यादा ठेवावी लागते, अन्यथा रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते.

वैद्यकीय तपासणीची गरज

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिल्यानंतर त्रास पुन्हा सुरू होणे, दिवसाही कपडे ओले होणे, लघवीला जळजळ, सतत तहान व वजन घटणे, मोठ्याने घोरणे किंवा पायांत अशक्तपणा ही लक्षणे असल्यास गजर घेण्याआधी तपासणी आवश्यक असते. तहान व वजनघट ही मधुमेहाची लक्षणे असू शकतात. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे श्रेयस्कर होय.

शाळा व वसतिगृहे

निवासी शाळांत इतरांसमोर गजर वाजण्याच्या भीतीने मुले उपकरण नाकारतात. अशा वेळी सुट्टीत घरी उपचार सुरू करणे सोयीचे ठरते. वसतिगृहात अधीक्षकांनी जादा चादर गुपचूप उपलब्ध करून देणे आणि झोपण्यापूर्वी लघवीस जाण्याची आठवण सर्वांनाच एकत्रित देणे यांमुळे एकट्या मुलाकडे बोट दाखवले जात नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. अंथरूण ओले केल्याबद्दल शाळेत मारणे किंवा मुलाला सर्वांसमोर अपमानित करणेही त्यात मोडते.