वीज तारेबाहेरून चालते!

किन्हवलीला मामांकडे दिवाळीला गेलो होतो. ओसरीवरचा दिवा लावता लावता मामा म्हणाले, "अरे, नळातून पाणी, तशी तारेतून वीज. मग तार पोकळ का नसते?" आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पलीकडे पडघ्याला १९९९ पासून थेट चंद्रपूरची वीज येते. वाहिनी ७५२ किलोमीटरची, दाब पाच लाख व्होल्ट. पण तारेतले इलेक्ट्रॉन महाआळशी! सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. चंद्रपुराहून निघालेल्याला पडघे गाठायला पंचवीस वर्षेही पुरायची नाहीत. त्यातून दोहोंपैकी एका तारेत तर ते उलटे चंद्रपूरकडेच चालतात! शक्ती मात्र सेकंदाच्या सुमारे चारशेव्या भागात इकडे हजर.

ती येते कशी? तारांभोवती विद्युत्क्षेत्र आणि चुंबकक्षेत्र असते. शक्ती वाहते ती या क्षेत्रांतून, तारेच्या बाहेरून, हे १८८४ साली जॉन पॉइंटिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले. तार केवळ वाटाड्या. तिच्या अंगात जी थोडी शिरते, तिची नुसती उष्णता होते.

"म्हणजे माझ्या भातावरून जाते म्हण की!" मामा दचकले.

"हो, पण तारांलगतच दाट. लांब गेले की विरळ. मात्र मामा, मोठ्या दाबाच्या तारेला काठी लागावीच लागते असे नाही. नुसती जवळ गेली तरी ठिणगी झेप घेते."

मामा काही बोलले नाहीत. पोरांनी आकाशकंदिलासाठी आणलेला उंच वेळू त्यांनी तारांखालून उचलला आणि गोठ्यापलीकडे नेऊन आडवा टाकला.